चार बोटं तोकडा

शाफ्ट चार बोटं तोकडा निघाला. हनीफ मिस्त्री मोटारीखालून सरपटत बाहेर आला आणि रांजणापाशी जाऊन हात धुवायला लागला. एरवी मोटारीखालून आधी शिवी बाहेर यायची आणि मागाहून मिस्त्री. आज शिवीसुद्धा नाही. गुलबानो उंबऱ्यावर बसून पाच महिन्यांच्या चाँदपाशाला पाजत होती. तिनं नवऱ्याच्या पाठीकडं बघितलं.

"बसला न्हाय का?"

"न्हाय."

"जरा ठोकून बिकून..."

"लोखंड हाय ते, गुलबानो. भाकर न्हवं, थापली की वाढायला."

हात स्वच्छ झाले तरी तो धूतच राहिला.

मोटार म्हणायची तर मोटार, नाहीतर चाकं लावलेली पेटी. एका जहागीरदाराची ती विलायती बेबी ऑस्टिन. पुढं दोन माणसं कशीबशी बसतील एवढी जागा, मागं शिकारीची कुत्री न्यायला दोन हातांचा उघडा हौदा. पोलीस अ‍ॅक्शननंतर जहागीरदार हैदराबादला गेले ते गेलेच, आणि गाडी परंड्यात एका लिंबाखाली बारा-तेरा वर्षं उभी राहिली. बैठकीत कोंबड्या अंडी घालायला लागल्या, बॉनेटखाली मुंगसानं बिऱ्हाड केलं. बैल जुंपून ती हनीफच्या अंगणात ओढून आणली, तेव्हा तिच्या पोटातून एक म्हातारी कोंबडी उतरली आणि साऱ्या गल्लीला ऐकवत, तणतणत आपल्या घरी परत गेली.

गाडी आणली होती कल्याणप्पानं. भूमच्या अंगाला पाच-सहा गावांत त्याच्या खव्याच्या भट्ट्या. खवा पहाटे तयार व्हायचा आणि कुर्डुवाडीची सकाळची गाडी त्याला कधी गाठता यायची नाही. परंड्याची पहिली बस निघेपर्यंत ऊन वर यायचं, आणि बस कुर्डुवाडीला पोचेपर्यंत रेल्वे शिट्टी मारून गेलेली असायची. मग पळसाच्या पानांतला खवा दिवसभर स्टेशनवर बसायचा आणि उन्हाळ्यात संध्याकाळपर्यंत आंबायचा. ट्रक करून बघितला, तो भट्ट्यांच्या गाडीवाटांवर मावेना. बैलगाडीचं तर नावच नको.

"मिस्त्री, मला लहान अंगाची अन् घोड्याच्या पायाची गाडी पायजे," कल्याणप्पा म्हणाला होता.

हनीफनं त्या पेटीभोवती दोन चकरा मारल्या, तिच्या टपावर थाप मारली आणि म्हणाला, "आप्पा, अंग हिचंच ठिऊ. काळीज दुसरं बसवू."

ते दुसरं काळीज म्हणजे मिलिटरीच्या लिलावातल्या एका मोडक्या जीपचं इंजिन. सात महिने हनीफ त्याच्या मागं होता. चेसीला, म्हणजे खालच्या सांगाड्याला, लोखंडी चॅनल लावून ती दणकट केली. पुढचे मडगार्ड काढून टाकले, कारण जीपची चाकं त्यात मावेनात. वारं कापावं म्हणून टप वीतभर कापून खाली घेतला, त्यामुळं मोटार सदा कपाळाला आठ्या घालून बसल्यासारखी दिसायची. बॉनेट बसेचना, म्हणून इंजिन उघडंच ठेवलं. येणारा-जाणारा थांबून हसायचा. "शेळीच्या पोटात रेड्याचं काळीज घातलंय मिस्त्रीनं. बघा, एक तर पोट फाटंल न्हाय तर शेळी उडंल!"

या सात महिन्यांत गुलबानो प्रत्येक गोष्टीचं दुसरं टोक धरून उभी होती. पत्रा कापायचा तर दुसरं टोक तिच्या हातात. बोल्ट आवळायचा तर खालचा नट पान्यानं तीच धरणार. दिवस भरत आले तशी ती बसून धरायला लागली. चाँदपाशा झाला, चाळीस दिवस गेले, आणि एक्केचाळिसाव्या दिवशी हनीफनं अंगणातून हाक मारली, "गुलबानो, जरा धर." ती गेली. तिच्या हाताला दुधाचा वास कमी आणि रॉकेलचा जास्त यायचा. पोरगं आधी हात हुंगायचं, तोंड वाकडं करायचं, मग प्यायचं.

तिचा थकवा काही एका दिवसाचा नव्हता. रांजणाच्या तळाच्या गाळासारखा तो खाली बसून असायचा आणि जरा धक्का लागला की वर यायचा. पाणी किल्ल्याच्या खंदकाजवळच्या विहिरीचं, दोन खेपा सकाळी, दोन संध्याकाळी. सासू जमिलाबी गुडघ्यांनी बसलेली. तोंड मात्र तिचं चालतं होतं, आणि खरं सांगायचं तर घरात जे काही हसणं व्हायचं ते त्या तोंडामुळंच.

आता हा शाफ्ट. इंजिनाची ताकद मागच्या चाकांपर्यंत फिरवत नेणारा तो लोखंडी दांडा. हनीफनं एका ट्रकचा मिळवला होता. तो कापून, दोन्ही टोकांचे जोड बसवून घ्यायचे होते, आणि ते काम लोखंड कातणाऱ्या लेथवरचं, म्हणजे बार्शीला. मोटार बार्शीला नेता येत नाही. माप न्यावं लागतं.

माप घ्यायची हनीफची रीत उस्तादांची. हैदराबादला ज्यांच्या हाताखाली तो शिकला ते उस्ताद म्हणायचे, पट्टी दुकानदाराची, दोरी कारागिराची. इथून तिथं दोरी ताणायची, दोन्ही टोकांना गाठ मारायची, आणि ती दोरी लेथवाल्यापुढं टाकायची. फूट नाही, इंच नाही. त्यात आता सरकारनं मीटर आणला. बार्शीच्या भीमाशंकर लेथवाल्याच्या टेपेवर एका बाजूला इंच आणि दुसऱ्या बाजूला नवी मापं. भलत्या बाजूनं वाचून त्यानं एका रसवंतीचा रूळ वाया घालवला होता. तेव्हापासून दोरीवर हनीफचा विश्वास जास्तच बसला.

शाफ्ट बसेना तेव्हा हनीफनं आधी भीमाशंकरलाच मनात शिव्या घातल्या असणार. मग त्यानं खुंटीवरची दोरी काढून शाफ्टवर धरली. दोन्ही टोकं गाठींना बरोब्बर. लेथवाल्याची काहीच चूक नव्हती. मग तीच दोरी मोटारीखाली धरली. चार बोटं कमी.

"गाठ म्याच चुकीची मारली," संध्याकाळी जेवताना तो म्हणाला.

"हुतं कवातरी," जमिलाबी म्हणाली. "तुझा बाप एकदा दुसऱ्याच्याच शेरवानीत निकाहला उभा राहिला हुता."

हनीफ हसला नाही. भाकरीचा तुकडा हातात तसाच. "उस्तादांचं बी असंच झालं, अम्मा. पन्नाशीत वेल्डिंगनं डोळं गेलं. पर उजेड नंतर गेला. आधी माप गेलं. म्हणायचे, हनीफ, दोरी धरतो तर टोक हलतंय रे."

"तू पस्तिशीचा हाईस."

"ठिणग्या म्या जास्त खाल्ल्यात."

गुलबानोनं त्याच्या डोळ्यांकडं बघितलं. लाल होते. पण ते लाल कधी नसायचे?

दुसऱ्या दिवशी त्यानं तिला पोस्टकार्ड लिहायला बसवलं. तुळजापुरात शिंप्याच्या घरात वाढली असली तरी ती चौथी शिकली होती, आणि घरातलं सगळं लिहिणं तिच्याकडंच. कार्ड होतं मुनवरला. मुनवर हनीफचा धाकटा चुलतभाऊ, उस्मानाबादला बसडेपोत नोकरीला. वर्षभर तो मागं लागला होता की फिटरची जागा आहे, ये. तिथं म्हणे मापं घ्यायचीच नाहीत. सगळं तयार येतं, आपण फक्त आवळायचं.

"लिही, येतो. जागा धरून ठेव."

तिनं लिहिलं. अक्षर जरा जास्तच सुबक आलं. मुनवरच्या बायकोचं क्वार्टर तिनं एकदा बघितलं होतं. दोन खोल्या, आणि अंगणात नळ. सकाळी दोन तास, संध्याकाळी दोन तास. तोटी फिरवली की पाणी. कुठं जायचं नाही, कुणाला बाजूला सर म्हणायचं नाही. पाच वाजता भोंगा झाला की मुनवर हातपाय धुऊन चहा प्यायला घरात. त्या नळाखाली घागर भरताना होणारा आवाज गुलबानोला कार्ड लिहिताना स्पष्ट ऐकू येत होता.

"तितल्या कबरस्तानात माझं कोण हाय?" जमिलाबी भिंतीला टेकून म्हणाली. "म्या न्हाय येणार." पण दुसऱ्या दिवसापासून आपल्या पानदानाला कोणती चादर गुंडाळायची याची चौकशी तिनं सुरू केली.

शनिवारी गुलबानो चाँदपाशाचं झबलं बेतायला बसली. नव्या जागी पोरगं नीट दिसावं म्हणून. मांजरपाट नवा कोरा होता. बाप तुळजापुरात देवीला येणाऱ्या बायकांच्या चोळ्या शिवायचा, आणि त्याचा एक नेम होता: कोरं कापड पाण्यातून काढल्याशिवाय कात्री लावायची नाही. नाहीतर पहिल्या धुण्याला चोळी आटते आणि शिंपी शिव्या खातो. तिनं कापड हातानं मापलं, घमेल्यात बुडवलं, पिळलं, उन्हात टाकलं. वाळल्यावर पुन्हा मापलं. चार बोटं कमी.

तिचा हात तिथंच थांबला.

मागच्या आठवड्यात तीन दिवस झड लागली होती. बारीक, चिवट, न थांबणारी. लंगोट वाळेनात. शुक्रवारी एकही कोरडा उरला नाही, तेव्हा तिनं हनीफच्या कामाच्या शेडमध्ये वलणीसाठी जागा बघितली, आणि खुंटीवर एक दोरी दिसली. छान, नवी, पांढरी. दाराच्या बिजागरीपासून खांबापर्यंत ती बांधून तिनं आठ-नऊ ओले लंगोट टाकले. हनीफ आदल्या दिवशीच त्या दोरीवर माप घेऊन बसला होता. नाल्याला पाणी आल्यानं बस बंद, म्हणून बार्शीला गेला नव्हता. शनिवारी पहाटे तिनं लंगोट काढले आणि दोरी सोडायला गेली, तर बिजागरीची गाठ इतकी आवळलेली की दातानं सोडवावी लागली. तिला तेव्हा नवल वाटलं होतं, एवढंच. दोरी जशीच्या तशी खुंटीवर, आणि तासाभरात हनीफच्या खिशातून बार्शीला.

तिनं शेडमध्ये जाऊन त्याच लडीतली कोरी दोरी घेतली. शाफ्टएवढी मापून गाठी मारल्या. भिजवली, ताणून बांधली, चुलीच्या उबेला वाळवली आणि शाफ्टवर धरली. शंकेला जागाच राहिली नाही. चार बोटं.

म्हणजे डोळे ठीक होते. हात ठीक होता. गाठ बरोबर जागी मारली होती.

सांगायचं, हे तिनं लगेच ठरवलं. जेवण झाल्यावर सांगू. जेवण झालं, हनीफ भिंतीकडं तोंड करून पडला. उद्या सांगू. उद्या उजाडला तर विहिरीवर रांग होती, पोरगं रडत होतं, खांदा भरून आला होता. तिसऱ्या दिवशी मुनवरचं कार्ड आलं: दुसऱ्या रविवारी मी स्वतः येतो, सामान बांधून ठेवा, सोमवारी साहेब बघतील. ते तिनं मोठ्यानं वाचून दाखवलं. वाचताना तिला कळलं की आपण उद्या उद्या करत नाही, आपण गप्प बसलो आहोत. सांगितलं की हा पुन्हा त्या मोटारीखाली शिरणार. पुन्हा "गुलबानो, जरा धर." आणि ही मोटार झाली की दुसरी येईल, दुसरी झाली की तिसरी. न सांगितलं तर काय? तर पंधरा दिवसांनी नळ.

मधल्या एका दिवशी कल्याणप्पा येऊन गेला. पांढरं धोतर सावरत मोटारीच्या कडेला बसला.

"मिस्त्री, ऐकतोय ते खरं का? मोटार अर्धी टाकून निगालास म्हणं?"

"आप्पा, माझ्याच्यानं हुणार न्हाय. दुसरा मिस्त्री बघा."

"दुसरा कुठला? बार्शीचे दोन मिस्त्री बघून गेले. एक म्हणला भंगारात घाला. दुसरा म्हणला ज्यानं हे केलं त्यालाच आदी दवाखान्यात घाला." कल्याणप्पानं हनीफच्या तोंडाकडं बघितलं. थट्टा कुठंच पोचली नव्हती. तो उठला, जाताना आवाज खाली आणून गुलबानोला म्हणाला, "वैनी, ह्येला झालंय तरी काय? माणूस भांडंना सुदिक."

गुलबानोनं पदर पुढं ओढला. "बरं न्हाय त्यांना," ती म्हणाली. हे खोटं नव्हतं, पण तिच्या जिभेला ते खोट्यासारखंच लागलं.

त्याच दिवशी एकजण तेलाच्या इंजिनाचा पंप घेऊन आला. हनीफ असली कामं कानानं करायचा, डोळे मिटून. त्यानं पंपाला हातही लावला नाही. "दुसरीकडं न्या, पाव्हणं. मला दिसत न्हाय."

ते ऐकून गुलबानो आत गेली आणि उगीचच पीठ चाळत बसली. आधी एकदा चाळलेलंच पीठ.

शुक्रवार आला. जुम्म्याच्या दिवशी आंघोळीनंतर चाँदपाशाची नखं काढायचं काम हनीफचं. पोरगं झाल्यापासून ते त्यानं कुणाला करू दिलं नव्हतं. तांदळाच्या कण्यांएवढी ती नखं. गुलबानोला भीती वाटायची. हनीफ मात्र बारीक कात्री घेऊन, त्या मुठीतलं एकेक बोट सोडवून, असं काही काढायचा की पोराची झोप मोडायची नाही. एवढ्या राठ हातात एवढा हलकेपणा कुठून येतो ते तिला कळायचं नाही, आणि ते बघताना तिचा थकवा घडीभर बाजूला बसायचा.

त्या दिवशी तिनं आंघोळ घातलेलं पोरगं त्याच्यापुढं ठेवलं, कात्री ठेवली. हनीफनं पोराचा पाय हातात घेतला. करंगळी धरली. कात्री उचलली आणि बराच वेळ तशीच धरून राहिला. मग पाय खाली ठेवला.

"तू काप."

"म्या? मला न्हाय जमत."

"हळू काप. जमंल." तो दुसरीकडं बघत म्हणाला, "माझ्या हाताचा आता भरवसा न्हाय. ल्योकाला लागलं तर?"

गुलबानो कात्री घेणार होती. हात पुढं गेलाही होता.

"तुमचं माप चुकलं न्हाय," ती म्हणाली.

"असू दे ते आता."

"दोरी आटली. म्या तिच्यावर लंगोट वाळत घातलं हुतं. कोरी दोरी हुती, भिजली, आटली. त्याच लडीतली दुसरी भिजवून बघितली म्या. चार बोटंच आटती."

हनीफनं कात्री खाली ठेवली. चाँदपाशानं मधेच एक शिंक दिली.

"कवा कळलं?"

आत्ता, असं म्हणता आलं असतं. कुणाला कळणार होतं?

"शनवारी."

"आज जुम्मा हाय."

"व्हय."

"सहा दिस." त्यानं बोटांवर मोजल्यासारखं केलं. "म्या आंधळा हुतोय म्हणून सहा दिस बसून हाय, अन् तुला ठावं हाय. का गं?"

"दमले हुते," ती म्हणाली. "तितं नळ हाय."

ती रडलीसुद्धा नाही. रडायलाही अंगात थोडी ताकद लागते. हनीफनं कात्री तिच्यापुढून उचलली, पोराचा पाय मांडीवर घेतला आणि वीसच्या वीस नखं काढली. मग उठून टोपी घातली आणि नमाजला गेला.

जमिलाबीनं आतून सगळं ऐकलं होतं. ती खोकली, पान लावलं, आणि नातवाला म्हणाली, "शाब्बास रं वाघा! लोकांच्या मोटारी ब्रेकनं थांबतात, तुझ्या बापाची तू लंगोटानं थांबवलीस."

दोन दिवस हनीफ गुलबानोशी बोलला ते फक्त "पाना" आणि "धर". ती द्यायची आणि धरायची. शाफ्ट काही वाढणार नव्हता; मधे तुकडा जोडला तर पळताना थरथरून तुटला असता, आणि दुसरा ट्रकचा शाफ्ट मिळायला सहा महिने. हनीफ मोटारीपुढं बसून विड्या ओढत राहिला.

"दांडा पुढं येत न्हाय," जमिलाबी शेवटी बाजेवरून म्हणाली, "तर त्या इंजनाच्या पायाला मेहंदी लावलीय का? त्येला म्हणावं, तू सरक मागं."

हनीफनं विडी खाली टाकली. आईकडं बघितलं. उठला आणि साखळी आणायला गेला.

इंजिन चार बोटं मागं घ्यायचं म्हणजे नुसतं ढकलायचं नव्हतं. त्याची बैठक नव्यानं ठोकायची, मधला पत्रा कापायचा, आणि इंजिनाची पाठ थेट माणसांच्या जागेत घ्यायची. चालवणाऱ्याची बैठक मागं हौद्याला चिकटली आणि त्याच्या शेजारची दुसरी बैठक गेलीच. या मोटारीत आता एकट्यानंच बसायचं. गुलबानो साखळी ओढत होती, पोरगं जमिलाबीच्या मांडीवर भोकाड पसरून होतं. पुढच्या शनिवारी दुपारी शाफ्ट जोडाला लागला. या वेळी शिवी आली. मोटारीखालून, खणखणीत, लांबलचक, आणि जमिलाबीनं "तोबा, तोबा" म्हणत पोराचे कान झाकले, पण तीही हसत होती.

इंजिन सुरू झालं तेव्हा समोरच्या घराच्या पत्र्यावरची कबुतरं उडाली. रविवारी पहाटे हनीफ भट्ट्यांकडं निघाला. निघताना तो उंबऱ्यापाशी थांबला.

"आज मुनवर येईल."

"व्हय. काय सांगू त्याला?"

"म्या सांगत न्हाय." त्याच्या आवाजात राग नव्हता, पण जुनी मऊपणाची घडीही अजून बसली नव्हती. "सहा दिस तूच ठरवलं हुतंस. आज बी तूच ठरव. खवा गाडीवर चढला तर म्या मिस्त्री. पर तू म्हणलीस तर मिस्त्री असून बी डेपोत जाईन. नळाचं म्या इसरलो न्हाय."

मोटार गेली. आवाज किल्ल्याच्या भिंतीला आपटून परत आला आणि मग हळूहळू विरला.

मुनवर दहाच्या बसनं आला. पँट, पायात बूट, हातात मिठाईचा पुडा. अंगणात सामान दिसेना, तसा तो गोंधळला.

"भाबी, बांधाबांध?"

"बसा. चहा घ्या आदी."

"हनीफभाई?"

"कुर्डुवाडीला. खवा घेऊन."

त्यानं चहा घेतला, मोकळ्या झालेल्या अंगणाकडं बघितलं, सगळं ओळखलं. तो शहाणा पोरगा होता. "भाबी, ही जागा परत मिळणार न्हाय. नळ हाय, लाईट आलीय, पाच वाजता माणूस घरात. इतं काय हाय? ही मोटार झाली, उद्या दुसऱ्याला डुकराएवढ्या गाडीत हत्ती घालून पायजेल. इतं तुमी जन्मभर पाना धरून उभ्या."

"ठावं हाय, भाऊजी."

"मग?"

गुलबानोनं त्याच्या मागं, मोटारीच्या रिकाम्या जागेकडं बघितलं. जमिनीवर तेलाचा काळा डाग, त्याच्या कडेला जीपचे उरलेले दोन नट.

"तितं ते नुसतं आवळतील," ती म्हणाली. "रोज पाचला येतील. चहा पितील. अन् माझ्याकडं बघतील, की हिला नळ पायजे हुता. न्हाय, भाऊजी. साहेबाला सांगा, हनीफ मिस्त्रीचं येणं हुत न्हाय."

"ते ठीक. हनीफभाईचं झालं." मुनवरनं कप खाली ठेवला. "तुमाला काय पायजे, भाबी?"

असं तिला बऱ्याच दिवसांत कुणी विचारलं नव्हतं. ती खरोखरच विचार करायला लागली. विहिरीच्या दोन खेपा राहिल्या होत्या. भात टाकायचा होता. पोराचं झबलं अर्धं शिवून पडलं होतं.

"झोप," ती म्हणाली.

मुनवर आधी हसला. मग त्यानं बूट काढले, चाँदपाशाला तिच्या कडेवरून उचलून आपल्या खांद्यावर टाकलं, आणि म्हणाला, "माझी बस तीनला हाय. घागरी कुठल्या त्या दावा अन् जावा आत."

"तुमी पाणी आणणार? पँटीत?"

"डेपोत बी पँटीतच ऱ्हातो, भाबी."

जमिलाबी बाजेवरून ओरडली, "जा गं दुल्हन! त्येचा इचार बदलायच्या आत जा."

ती आत गेली. चटईवर नुसती टेकली, पदरसुद्धा सारखा केला नाही.

खवा रेल्वे यायच्या आधी घटकाभर कुर्डुवाडीला पोचला होता. बाराच्या सुमारास मोटार परत आली तेव्हा सारी गल्ली बाहेर आली म्हणे. कल्याणप्पा मागच्या हौद्यात, रिकाम्या टोपल्यांत, धोतर धुळीनं लाल करून बसलेला. हनीफचं तोंड धुरानं काळं, दात तेवढे पांढरे. त्या इंजिनाच्या धडधडीनं शेजारच्या घरातल्या फळीवरचे डबे खाली आले. मुनवर पोराला खांद्यावर घेऊन दारात उभा होता. जमिलाबी भिंत धरून उठली होती, दोन वर्षांत पहिल्यांदा.

"गुलबानो कुठंय?" हनीफनं विचारलं.

मुनवरनं आत बोट केलं. हनीफनं दारातून डोकावलं, परत मोटारीकडं गेला आणि इंजिन बंद केलं.

गुलबानोला यातलं काहीच ऐकू आलं नाही.